दीनबंधू अँड्र्यूज आणि दिल्लीची ख्रिस्तमंडळी

दिल्लीच्या काश्मिरी दरवाज्यापासून थोड्याच अंतरावर, झाडांच्या सावलीत, घुमटाचे एक ख्रिस्तमंदिर उभे आहे. त्याचे नाव सेंट जेम्स. परंतु दिल्लीकर त्याला स्किनरचे चर्च म्हणूनच ओळखतात. मराठी माणसाने तेथे क्षणभर थांबावे असे एक कारण आहे. ज्या कर्नल जेम्स स्किनरने हे मंदिर स्वखर्चाने बांधले, तो उमेदीच्या वयात शिंद्यांच्या फौजेत होता. बाप स्कॉट आणि आई रजपूत. त्यामुळे कंपनीच्या सैन्यात अधिकाराच्या जागेची वाट त्याला बंद होती, आणि म्हणून महादजी शिंद्यांनी द बॉयनच्या हाताखाली उभारलेल्या कवायती पलटणींत त्याने तलवार धरली. १८०० साली उणियाऱ्याच्या लढाईत तो जबर जखमी होऊन रणांगणात पडून राहिला. ‘वाचलो तर देवाचे घर बांधीन’ असा नवस त्याने तेव्हा केला, अशी हकीकत सांगतात. १८०३ साली शिंदे व इंग्रज यांच्यात युद्ध जुंपले, स्किनरची शिंद्यांकडील चाकरी संपली, तो कंपनीकडे गेला. आणि १८३६ साली त्याचा नवस फिटला.

दिल्लीचे हे मंदिर असे एका मिश्र रक्ताच्या शिपायाच्या नवसातून उभे राहिले. देवाच्या घरात कोणी कोणाच्या शेजारी बसावयाचे, हा प्रश्न जणू त्याच्या पायातच घातला गेला होता. पुढे शंभर-सव्वाशे वर्षे दिल्लीतील ख्रिस्ती धर्मगुरू ज्या प्रश्नाशी झगडत राहिले, तो हाच.

मराठी ख्रिस्ती समाजात धर्मगुरूला ‘पाळक’ म्हणतात आणि त्याच्या स्वाधीन असलेल्या भाविकांना ‘मंडळी’. मंडळीला राखणे हे पाळकाचे काम. काळ बदलला की मेंढरे पांगतात, ही त्याची नेहमीची चिंता. तरुण मुले उपासनेला येत नाहीत, नव्या विद्येने श्रद्धा डळमळते, नवी करमणूक रविवारची सकाळ खाऊन टाकते, अशी तक्रार युरोपातील पाळकांनीही केली आहे आणि अहमदनगर-सोलापूरकडच्या पाळकांनीही. परंतु हिंदुस्थानात या तक्रारीला एक वेगळा पीळ पडतो. युरोपात आधुनिक संस्कृती ही चर्चच्या दाराबाहेर उभी राहिलेली नवी शक्ती होती. येथे मात्र मिशन, इंग्रजी शाळा, छापखाना आणि साहेबाचे राज्य ही एकाच गलबतातून उतरली, निदान पाहणाऱ्याला तशी दिसली. मग आधुनिक संस्कृतीपासून मंडळीचे रक्षण करावयाचे म्हणजे नेमके कशापासून? या प्रश्नाला दिल्लीत सर्वांत प्रामाणिकपणे भिडलेला पाळक म्हणजे चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज. पुढे सारा देश ज्यांना दीनबंधू म्हणू लागला तेच. परंतु त्यांच्याकडे येण्याआधी दिल्लीच्याच एका गणितज्ञाची कथा ऐकली पाहिजे, कारण अँड्र्यूज दिल्लीत आले तेव्हा ती कथा अद्याप शिळी झालेली नव्हती.

मास्टर रामचंद्र हे दिल्ली कॉलेजात शास्त्र व गणित शिकवीत. कमाल व किमान मूल्यांची उदाहरणे कलनशास्त्राचा आधार न घेता केवळ बीजगणिताने कशी सोडवावी, यावर त्यांनी १८५० साली इंग्रजीत एक ग्रंथ लिहिला. आणि ऑगस्टस द मॉर्गन या नामांकित गणितज्ञाने १८५९ साली तो स्वतःच्या प्रस्तावनेसह लंडनमध्ये पुन्हा छापविला. उर्दू नियतकालिके काढून नवे शास्त्र लोकांपर्यंत नेण्याची खटपटही ते करीत. असा हा आधुनिक विद्येचा माणूस. १८५२ साली त्यांनी आणि डॉक्टर चिमणलाल यांनी स्किनरच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. शहर हादरले. पुष्कळ पालकांनी आपली मुले कॉलेजातून काढून घेतली. नवी विद्या शिकविली की मुले धर्म बुडवितात, हा संशय दिल्लीला आता डोळ्यांनी खरा ठरलेला दिसला.

१८५७ च्या ११ मे रोजी मीरतेचे शिपाई दिल्लीत शिरले आणि चिमणलाल मारले गेले. रामचंद्रांना आप्तांनी व ओळखीच्या माणसांनी लपविले म्हणून ते वाचले. इंग्रजांनी शहर परत घेतल्यावर ते परतले, सरकारी काम करू लागले. आणि खरी परीक्षा तेव्हा झाली. रस्त्यात एका इंग्रज अधिकाऱ्याने सलाम केला नाही म्हणून त्यांना मारले, आणि आपण ख्रिस्ती आहोत असे सांगूनही पुन्हा मारले. त्यांच्या घरावर शेजारच्या गोऱ्या अधिकाऱ्यांकडून मातीच्या गोळ्यांचा मारा होई. त्यांनी वरिष्ठांकडे लेखी दाद मागितली. त्या अर्जातला आशय विसरता येण्याजोगा नाही. बंडवाल्यांच्या हाती मरण आले असते तर ख्रिस्तासाठी सोसले एवढे समाधान तरी होते. पण ख्रिस्ती अधिकाऱ्यांच्या हातून हे सोसावे लागते, तेव्हा जिवाला आधार कशाचा? दिल्लीच्या मंडळीच्या इतिहासातला हा बहुधा सर्वांत अवघड प्रश्न असावा, आणि तो कोणा परधर्मीयाने विचारलेला नाही.

अशा शहरात १८७७ साली केंब्रिज विद्यापीठातील तरुण धर्मगुरूंचे एक मिशन आले. त्यामागे वेस्टकॉट या विद्वान धर्मशास्त्रज्ञाची मोठी रम्य कल्पना होती. प्राचीन अलेक्झांड्रियात ग्रीक विद्या आणि ख्रिस्ती श्रद्धा यांची भेट झाली व दोन्ही समृद्ध झाल्या. तशीच भेट यमुनेच्या काठी हिंदी ज्ञानपरंपरेशी व्हावी, असे त्यांना वाटे. या मिशनने १८८१ साली सेंट स्टीफन्स कॉलेज काढले. परंतु दिल्लीतील मंडळी काही अलेक्झांड्रियाच्या पंडितांची नव्हती. तिच्यात भरणा होता तो दर्यागंज व आसपासच्या वस्त्यांतील चामड्याचे काम करणाऱ्या गरीब लोकांचा. मिशनने त्यांच्यासाठी वेगळ्या बस्त्या वसविल्या आणि राहण्याच्या अटी घातल्या: रविवारी काम बंद ठेवावे, जन्म, विवाह व मृत्यू यांचे विधी ख्रिस्ती पद्धतीने करावे. कागदावर अटी सोप्या होत्या. पण रविवारी काम बंद म्हणजे एका दिवसाची मजुरी बंद, आणि लग्नाचा विधी बदलला म्हणजे लेकीला स्थळ मिळणे बंद. १८८४ साली दर्यागंजात जातीची पंचायत भरली आणि तिने बाप्तिस्मा घेतलेल्यांपुढे सरळ प्रश्न टाकला: बिरादरी की मिशन? बहुतेकांनी बिरादरी पत्करली. जॉर्ज लेफ्रॉय या मिशनऱ्याने त्या प्रसंगाचा वृत्तांत लिहून ठेवला आहे. तो वाचताना मिशनऱ्याची निराशा समजते. पण त्या चांभारांचे चुकले असे म्हणवत नाही.

१९०४ साली अँड्र्यूज या मिशनमध्ये दाखल झाले. वय ३३. इंग्लंडच्या उत्तरेस जहाजबांधणीच्या कामगारवस्तीत आणि मग लंडनच्या दरिद्री भागात त्यांनी पाळकाचे काम केले होते. वेस्टकॉट यांचा मुलगा बेसिल हा त्यांचा जिवलग मित्र. तो दिल्लीच्या मिशनमध्ये असताना १९०० साली पटकीने वारला, आणि त्याची रिकामी जागा अँड्र्यूजना खुणावीत राहिली. येथे आल्यावर त्यांच्या दृष्टीस जे पडले ते त्यांनी लपविले नाही. सेंट जेम्समध्ये प्रामुख्याने गोरे अधिकारी व त्यांची कुटुंबे. हिंदी मंडळीची उपासना फतेपुरीजवळ, १८५७ नंतर बांधलेल्या सेंट स्टीफन्स मंदिरात, उर्दूतून. देव एक, प्रार्थनेचे पुस्तक एक, बिशप एक. पण बाके वेगळी. हे कोणी हुकूम काढून केलेले नव्हते. ते आपोआप होत होते, आणि म्हणूनच कोणाला खटकत नव्हते.

अँड्र्यूजना ते खटकू लागले याचे श्रेय एका हिंदी ख्रिस्ती गृहस्थास आहे. सुशीलकुमार रुद्र हे बंगाली, एका पाळकाचेच चिरंजीव, १८८६ पासून कॉलेजात अध्यापक. मितभाषी, सौम्य, पण निश्चयाचे पक्के. हिंदुस्थान म्हणजे काय हे आपण रुद्रांकडून शिकलो, असे अँड्र्यूज जन्मभर सांगत राहिले. १९०६ मध्ये प्राचार्याची जागा रिकामी झाली तेव्हा ती इंग्रजाकडेच जावी असा मोठ्यांचा कल होता. इंग्रज प्राध्यापकांनी हिंदी माणसाच्या हाताखाली काम करावयाचे ही कल्पनाच चमत्कारिक वाटे. अँड्र्यूजनी हट्ट धरला की रुद्रांचा अधिकार डावलला तर आपण राहणार नाही. रुद्र प्राचार्य झाले आणि १९२३ पर्यंत त्यांनी कॉलेज चालविले. आज ही गोष्ट लहान वाटते. त्या काळी ती धर्मसुधारणेइतकी मोठी होती, कारण प्रवचनात जे म्हटले जात होते ते एका खुर्चीपुरते का होईना, खरे करून दाखविले गेले होते.

या अनुभवातून अँड्र्यूजच्या चिंतनाला जी दिशा मिळाली ती ‘नॉर्थ इंडिया’ (१९०८) आणि ‘द रेनेसाँ इन इंडिया’ (१९१२) या त्यांच्या पुस्तकांत दिसते. आधुनिक काळाकडे ते भीतीने पाहत नाहीत. राममोहन रॉय, सर सय्यद अहमद, दयानंद, विवेकानंद यांच्या चळवळींत त्यांना देवाचाच हात दिसतो, आणि न्यायमूर्ती रानड्यांना तर ते फार वरचे स्थान देतात. राष्ट्रीय जागृती ही चर्चवरची आपत्ती नसून चर्चला मिळालेली संधी आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यांना भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. पाश्चात्त्य संस्कृतीचा वर्णाभिमान चर्चच्या अंगात मुरला आहे, आणि चर्चला तो आपला वाटू लागला आहे, ही ती गोष्ट. हिंदू समाजाने जात टाकावी असे सांगावयाचे आणि स्वतःच्या मंदिरात गोऱ्यांची एक जात राखावयाची, हे ढोंग आहे; ते चालले तर उपदेशाला अर्थ उरणार नाही. हिंदी ख्रिस्ती माणसाने नाव, पोशाख, गाणे, घरचा रिवाज यांत परका होऊन जाणे हेही त्यांना मान्य नव्हते.

येथे मराठी श्रोत्यांना रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण होणे अपरिहार्य आहे. दोघे समकालीन, टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि १९०४ साली, म्हणजे अँड्र्यूज दिल्लीस आले त्याच वर्षी, त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. टिळकांनी मराठी मंडळीला अभंग दिले, कीर्तन दिले. आणि १९१७ साली मिशनचे वेतन सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले दोघेही ख्रिस्तशिष्य म्हणून बसू शकत होते. अँड्र्यूज बाहेरून आत पाहत होते. टिळक आतून आतच शोधत होते. पण चर्च परक्या पोशाखात वावरते आहे, ही बोच दोघांची एकच.

आणि तरीही या विचारात एक उणीव राहिली, ती सांगितली पाहिजे. टिळकांना अभंग परत मिळाला तो घरचा ठेवा म्हणून. लहानपणापासून तो त्यांच्या कानांत होता. अँड्र्यूजना हिंदी संस्कृतीची ओढ लागली ती रुद्र, रवींद्रनाथ, गुरुकुल कांगडीचे मुन्शीराम अशा उंच माणसांच्या सहवासातून. दर्यागंजच्या चांभाराच्या मुलाला मात्र ही संस्कृती कोणत्या दारातून भेटली होती? ज्या देवळाचे गाणे परत आणावयाचे त्या देवळाच्या पायरीवर त्याच्या बापाला उभे राहता येत नव्हते. मिशनच्या शाळेत शिकून तो बूट-पाटलोण घालू लागला, मुलीचे नाव त्याने मेरी ठेवले, तर त्यात नक्कल होतीच. पण जुन्या नावाबरोबर चिकटलेली हाक पुसून टाकण्याची धडपडही होती. परके कपडे काहींना तुरुंग वाटले आणि काहींना सुटका. चर्चच्या भारतीयीकरणाविषयी पुढे जे पुष्कळ लिहिले गेले, त्यात हा भेद बराच काळ झाकलेला राहिला. दलित ख्रिस्ती विचारवंतांनी गेल्या काही दशकांत तो उघड बोलून दाखविला. अनुसूचित जातींचा १९५० चा आदेश मुळात हिंदूंपुरता होता, त्यात १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध आले. दलित ख्रिस्ती माणसाचे गाऱ्हाणे त्यानंतरही न्यायालयापुढे व आयोगापुढे चालत राहिले. म्हणजे चर्चमध्ये तो दलित, आणि कायद्यात ख्रिस्ती!

अँड्र्यूजच्या आयुष्यातला पेच मात्र बाकांवर किंवा कपड्यांवर थांबला नाही. तो थेट उपासनेच्या शब्दांपर्यंत गेला. दिल्लीत त्यांना एक वृद्ध स्नेही लाभले होते, मौलवी झकाउल्ला. इतिहासकार, उर्दूत गणिताचे असंख्य ग्रंथ आणणारे, आणि तरुणपणी मास्टर रामचंद्रांचे लाडके शिष्य. गुरूने धर्म बदलला तरी शिष्याचा जिव्हाळा तुटला नाही, आणि शिष्य स्वतः शेवटपर्यंत निष्ठावंत मुसलमान राहिला. १९१० साली ते वारले. अँड्र्यूजनी पुढे १९२९ मध्ये त्यांचे चरित्र लिहिले. आता अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात अथेनेशियसच्या नावाने ओळखला जाणारा एक श्रद्धानियम आहे. ठराविक सणांना तो मंडळीने मोठ्याने म्हणावयाचा असे. त्यात, जो ही श्रद्धा अखंड राखणार नाही त्याचा निःसंशय चिरंतन नाश होईल, असा अर्थ येतो. वर्षानुवर्षे पाळक तो म्हणत आले होते. अँड्र्यूजना तो म्हणवेना. ज्यांच्या पवित्र जीवनाचा आपण साक्षी आहोत त्या मित्रांना वेदीसमोर उभे राहून नरकात कसे लोटावयाचे?

धर्मशास्त्र्यांकडे याला उत्तरे होती. ते शब्द मित्रांना उद्देशून नाहीत, ते प्राचीन पाखंडाविरुद्धचे आहेत, वगैरे. उत्तरे बरोबरही असतील. पण त्या उत्तरांनी अँड्र्यूजचे समाधान झाले नाही, आणि असे समाधान न होणे हाही एक प्रकारचा धर्म आहे. १९१४ च्या आरंभी ते दक्षिण आफ्रिकेत गेले. डर्बनच्या धक्क्यावर उतरताच त्यांनी गांधींच्या पायांना हात लावला. एका गोऱ्या धर्मगुरूने हे करावे याचा तेथील गोऱ्यांना संताप आला. परत आल्यावर त्याच वर्षी त्यांनी याजकपदाचे काम सोडले, दिल्ली सोडली आणि ते शांतिनिकेतनात गेले. पुढे फिजीतील करारबद्ध हिंदी मजुरांच्या मुक्ततेसाठी त्यांनी केलेली खटपट सर्वश्रुत आहे. ख्रिस्त मात्र त्यांनी कधीच सोडला नाही. उतारवयात ते पुन्हा याजकाचे काम करू लागले, आणि १९४० साली कलकत्त्यास ख्रिस्ती विधीनेच त्यांना माती दिली गेली.

जे गेले त्यांचे नाव राहते. जे मागे राहिले त्यांचे काम राहते. रुद्र मागे राहिले. १९१५ साली गांधी दिल्लीस प्रथम आले ते काश्मिरी दरवाज्याजवळ रुद्रांच्या घरी उतरले, आणि पुढेही उतरत राहिले. आपल्यामुळे कॉलेजवर सरकारची गैरमर्जी होईल, ही गांधींची शंका रुद्रांनी मनावर घेतली नाही. खिलाफतीच्या मागणीविषयी व्हाइसरॉयला लिहिलेल्या अनावृत पत्राची कल्पना व मसुदा त्याच छपराखाली तयार झाला, असे १९२५ साली रुद्रांच्या मृत्यूनंतर गांधींनीच लिहिले. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या मिशन कॉलेजच्या प्राचार्याने हे करावे, याला लागणारे धैर्य आवाज न करणारे होते. मंडळीत राहून, रोजच्या हजेरीपत्रकावर सह्या करीत त्यांनी ते दाखविले, आणि अँड्र्यूजच्या त्यागाइतकी त्याची वाखाणणी झाली नाही.

नव्या दिल्लीत १९३१ साली हेन्री मेड या वास्तुकाराने आखलेले रिडेम्प्शन कॅथीड्रल उपासनेसाठी उघडले. त्याला लोक व्हाइसरॉयचे चर्च म्हणत. सोळा वर्षांनी व्हाइसरॉयच गेले, आणि त्या भव्य कमानींखाली उरलेली मंडळी कोण, हे नव्याने पाहावे लागले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चपंथ एकत्र येऊन उत्तर भारताचे चर्च स्थापन झाले. त्यात स्किनरचे अँग्लिकन मंदिर आले, तसेच ज्या परंपरेत टिळक पाळक झाले तिच्यातील पुष्कळ मराठी मंडळ्याही आल्या. केंब्रिज मिशनचे बंधुमंडळ सिव्हिल लाइन्समध्ये राहिले, पण त्याचे लक्ष कॉलेजवरून पूर्व दिल्लीतील सीमापुरीसारख्या गरीब वस्त्यांकडे वळले. तेथे शाळा आणि रोजगाराचे शिक्षण सुरू झाले. दर्यागंजच्या बस्तीत घातलेल्या अटी येथे नव्हत्या.

आज दिल्ली, नोएडा, गुडगाव या परिसरात रविवारी हिंदी आणि इंग्रजीबरोबर मल्याळम, तमिळ, मिझो आणि नागांच्या बोलींतून उपासना चालतात. राजधानीत नोकरीसाठी आलेल्या माणसाला आपल्या भाषेतली प्रार्थना हवीशी वाटते, आणि मंडळ्या पुन्हा वेगवेगळ्या भरतात. पूर्वीचे वेगळेपण मानाचे होते, आताचे मायेचे आहे, असे म्हणता येईल. पण आत बसलेल्यांना ते मायेचे वाटते म्हणून दारातल्या पाहुण्यालाही तसेच वाटेल असे नाही. पाळकांपुढचा पेच सुटलेला नाही, त्याची भाषा तेवढी बदलली आहे.

स्किनरच्या चर्चमध्ये गेलेल्या माणसाने भिंतीवरच्या स्मृतिशिला अवश्य वाचाव्या. १८५७ मध्ये मेलेल्या इंग्रजांची, त्यांच्या बायकामुलांची नावे तेथे ओळीने आहेत, आणि त्याच भिंतींवर डॉक्टर चिमणलाल यांच्या नावाचीही एक शिला आहे. मास्टर रामचंद्रांचा बाप्तिस्मा याच छताखाली, त्याच दिवशी झाला होता.